उघडी डिकी

१

रात्रपाळी सुटली की आत्माराम कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर येऊन बसायचा आणि धाकट्या भावाची वाट बघायचा. दोघा भावांत गाडी एकच, जुनी राजदूत मोटारसायकल. भगवंत पहाटे माकुणसारहून ती घेऊन निघायचा, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी बोईसरला पोचायचा आणि गेटवर गाडी थोरल्याच्या ताब्यात द्यायचा. आत्माराम तीच गाडी घेऊन घरी यायचा. मग दिवसभर गाडी अंगणात चिंचेखाली उभी. दुपारी भगवंत रेल्वेच्या शटलनं परतायचा, संध्याकाळी आत्माराम शटलनंच कामावर जायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शहाऐंशी साल होतं. गावातल्या निम्म्या तरण्या पोरांचं आयुष्य बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या भोंग्यांवर चाललं होतं आणि ते वाईट चाललंय असं कुणी म्हणत नव्हतं.

गाडीला दिवसाची विश्रांती तरी होती. आत्मारामाला तीही नव्हती. घरी आलं की तोंडावर पाणी मारून पानवेलीच्या वाडीत जायचं, सुटलेले वेल काठ्यांना बांधायचे, पाणी सोडायचं. जेवून जेमतेम डोळा लागतोय तोवर रेवती, त्याची चिमुरडी लेक, छातीवर येऊन बसायची. कायमची रात्रपाळी त्यानं स्वतःच मागून घेतली होती, दिवसा वाडी बघता येईल म्हणून. आता ते आठवलं की आपल्याच कानफटात एक ठेवून द्यावी असं त्याला वाटायचं.

वाडीत जायच्या आधी मात्र तो एक काम न चुकता करायचा. डिकी उघडून बघायचा.

डिकी म्हणजे मागच्या चाकाशेजारची पत्र्याची पेटी. तीत काय काय असावं हे त्याला विश्रामभाऊनं शिकवलं होतं. विश्रामभाऊ त्यांच्या खात्यातला जुना फिटर. सफाळ्याहून बोईसरला मोटारसायकलनं कामाला येणारा पहिला माणूस आपणच, असं तो सांगायचा आणि लोकही मानायचे. प्लगचा पाना, एक जास्तीचा प्लग, तो घासायला पॉलिश पेपर, क्लचची वायर, टायर उचकटायच्या पट्ट्या, पंक्चरचं सोल्युशन आणि रबर, पेट्रोलात मिसळायच्या ऑईलची बाटली, सुतळी, फडकं. एवढं तर सगळेच ठेवतात. विश्रामभाऊचा हट्ट पुढच्या सामानाला होता. बँडेजचा रुंद रोल, कापूस आणि टिंक्चरची बाटली.

"प्लग नसला तर गाडी ढकलत नेशील," तो म्हणायचा. "मांडी फाटली तर काय ढकलशील?"

त्याचा दुसरा हट्ट याहून मोठा. डिकीला कुलूप लावायचं नाही. या रस्त्यानं पाळीला जाणाऱ्या सगळ्यांनी तो रिवाजच करून टाकला होता. कुणी अडला तर फाटकाशी, टपरीशी, कुणाच्या अंगणात जी गाडी दिसेल तिची डिकी उघडायची, लागेल ते घ्यायचं आणि जमेल तेव्हा परत आणून ठेवायचं. घेणाऱ्यानं सांगायचं नाही. मालकानं विचारायचं नाही. विचारलं की माणसाला लाज वाटते, आणि एकदा लाज वाटली की पुढच्या वेळी तो न घेता तसाच रस्त्यावर बसून राहतो. आत्मारामाची क्लचची वायर मागे एकदा अशीच गेली होती आणि थोड्या दिवसांनी तिच्या जागी नवी कोरी आली होती. त्या दिवशी त्याला एकूण माणसांबद्दलच फार बरं वाटलं होतं.

२

दसरा होऊन गेला आणि बँडेज कमी व्हायला लागलं.

पहिल्या दिवशी रोलवरचा कागद फाटलेला दिसला आणि थोडी पट्टी गेलेली. कुणाला तरी लागलं असेल, वेळेला सापडलं, बरं झालं, असं म्हणून आत्मारामानं रोल नीट गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी गेली. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी साधारण तेवढीच, माणसाच्या पायाला एखादा-दुसरा वेढा बसेल इतकी. टिंक्चरची बाटलीही हळूहळू खाली चालली होती.

रोल संपला तेव्हा तो सफाळ्याला दिनानाथच्या औषधाच्या दुकानातून नवा घेऊन आला.

"घरी कोणाला लागलंय का?" दिनानाथनं विचारलं.

"नाय रे. गाडीत ठेवायला."

नवा रोलही तसाच सरू लागला. परत मात्र कुणी काही ठेवलं नाही. आत्मारामाला राग यायला हवा होता, पण रागाला अंगात जरा ताकद लागते. तो फक्त बघत राहिला. पट्टी कात्रीनं कापलेली नसायची. दातात धरून फाडल्यासारखी कड असायची, दोरे निघालेली. आणि एके दिवशी त्या कडेला त्याचं बोट लागलं तेव्हा ती ओली होती.

सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन अंगणभर होतं, शेजारच्या परसात कोंबड्या उकरत होत्या. फडक्यावरचं ऑईल पसरलं असेल म्हणून त्यानं बोटाचा वास घेतला. ऑईल नव्हतं. नुसती ओल होती, थुंकीची असते तशी.

विचारायचं नाही हा नियम, म्हणून तो माणसांचे हातपाय बघायला लागला. स्टेशनावर, टपरीवर, बाजारात. गावात कुणाच्याही अंगावर पांढरी पट्टी दिसेना. रोज ज्याला बँडेज लागतं तो माणूस लपून थोडाच राहील?

राहता राहिला भगवंत. गाडी पहाटे त्याच्याच ताब्यात असायची. वाणगावची मुलगी ठरली होती, तुळशीचं लग्न झालं की याचं लग्न, आणि पठ्ठ्या हल्ली शीळ घालतच गेटवर यायचा. आत्मारामानं गाडी घेताना त्याचा हात हातात धरून उलटासुलटा बघितला.

"काय रे दादा? भविष्य बघतोस काय?"

"कुठं लागलंबिगलं नाय ना तुला?"

"मला काय धाड भरलीय? तूच बघ आरशात. मेलेल्या माणसाच्या अंगावर यापेक्षा जास्त तेज असतं," असं म्हणून भगवंत हसत आत गेला.

३

मग आत्मारामानं स्वतःवर संशय घेतला.

तो संशय काही अगदीच वेडगळ नव्हता. जागून जागून त्याला हल्ली अधूनमधून मधलं काही आठवेनासं झालं होतं. उमरोळी मागे टाकल्याचं आठवायचं आणि एकदम केळवे रोडचं फाटक समोर यायचं, मधला रस्ता गायब. वाडीतही तसंच. हात आपोआप वेल बांधत राहायचे, केळीच्या सोपटाची पट्टी काढायची, वेलाभोवती एक वेढा, काठीभोवती एक वेढा, गाठ. मग या हातांनी झोपेत डिकीतलं बँडेज काढून वेलाला बांधलं नसेल कशावरून? त्याला हे पटलं, इतकंच नाही तर हायसं वाटलं. वेड लागलं असेल तर झोपलं की उतरतं.

तो वाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक वेल खालून वर बघत गेला. दमयंती विहिरीवर धुणं धूत होती. नवरा झाडाझाडाशी वाकून काहीतरी शोधतोय हे तिनं बराच वेळ बघितलं.

"काय हरवलंय तुमचं?"

"पांढरी पट्टी कुठं बांधलेली दिसली काय तुला? वेलाला?"

"वेलाला कशाला पांढरी पट्टी?" तिनं पिळा तसाच हातात धरला. "अहो, तुमी आज झोपा. वेल मी बांधते. किती दिवस सांगते, ही नाइट सोडा."

"तू घेतलीस काय गाडीतली पट्टी? रेवतीच्या बोटाला वगैरे?"

"रेवतीच्या बोटाला मी जुन्या लुगड्याची चिंधी बांधते. तुमच्या त्या डिकीला मी हात लावत नाय, ऑईलचा वास जात नाय हाताचा."

वाडीत पट्टी कुठंच नव्हती. सगळे वेल सोपटानंच बांधलेले, त्याच्या हातच्या गाठी. तो विहिरीच्या काठावर बसला आणि खरं सांगायचं तर त्याला रडू आलं. वेड लागलं नव्हतं याचं वाईट वाटणारा माणूस किती दमलेला असेल, ते समजून घ्यावं.

४

माकुणसारच्या अलीकडे रस्ता मिठागरांच्या कडेनं जातो. तिथं खाडीचं पाणी आत घेणारी एक मोरी आहे. मोरीचा एका बाजूचा कठडा पडलेला होता आणि त्यातल्या गंजक्या सळया रस्त्याकडे वाकून आल्या होत्या. येणारेजाणारे त्या चुकवून जायचे. सवयीचं झालं होतं.

त्या दिवशी गाडी नेमकी मोरीच्या अलीकडे फडफडून बंद पडली. प्लगवर काजळी धरली असणार. आत्मारामानं गाडी कडेला घेतली, डिकीतून पाना आणि पॉलिश पेपर काढला, प्लग खोलला आणि उकिडवा बसून घासायला लागला. ऊन चढलं होतं. मिठागरात पाणी चकाकत होतं, त्यामुळे त्या दिशेला बघवत नव्हतं. माणूस कुठं दिसत नव्हता.

प्लग घासता घासता त्याला मोरीवर कुणीतरी बसलेलं दिसलं. पडक्या कठड्याशी, सळयांच्या खाली, पाठमोरं. मिठागरातलं कुणी असेल. मिठात काम करणाऱ्यांचे पाय नेहमी चिरलेले. तोही पायाला पट्टी बांधत होता. उजवा हात गोल फिरायचा, डावा हात टोक धरायचा, मग तोंड खाली जायचं, मान जराशी झटकायची, आणि परत हात फिरायचा. घाई नाही, गडबड नाही. वेल बांधताना आपला हात असाच फिरतो, हे आत्मारामाच्या मनात आलं.

अरे, हाच तर आपला बँडेजवाला, असंही त्याच्या मनात आलं. सापडला एकदाचा. बिचाऱ्याचा पाय चिघळला असेल, म्हणून रोज लागत असेल. त्याला इतकं मोकळं वाटलं की त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात विचारायचं नाही हे आठवलं आणि तो गप्प बसला. प्लग बसवला, किक मारली, गाडी लागली.

मोरीवरून जाताना त्यानं मान वळवून पाहिलं नाही. लाजेल तो. नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं ते एवढंच. हात फिरत होते, पट्टी फिरत होती, जमिनीपासून हातभर उंच, मांडी असेल तिथं. आणि तिथं मांडी नव्हती. त्या माणसाचे स्वतःचे पाय त्याच्या अंगाखाली दुमडलेले होते. पट्टी कशाभोवतीही गुंडाळली जात नव्हती आणि तरी खाली पडत नव्हती.

घर येईपर्यंत त्यानं गिअर बदलला नाही.

अंगणात गाडी लावून तो किती वेळ तसाच बसून राहिला. उन्हाची तिरीप, झोपेची तार, चकाकणारं पाणी. डोळ्यांसमोर काय काय येतं. रात्रपाळीवाल्या माणसानं दिवसा पाहिलेलं खरं धरायचं नसतं, असं विश्रामभाऊच म्हणायचा. आत्मारामानं स्वतःला हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि मग डिकी उघडली. रोल अर्ध्यावर आला होता. कड ओली होती.

५

तांदळाच्या पेटीचं कुलूप त्यानं काढलं आणि डिकीच्या कडीला लावलं. त्याआधी दिनानाथकडून नवा रोल आणून आत ठेवला, टिंक्चरची भरलेली बाटली ठेवली, कापूस ठेवला. सामान पूर्ण, आणि वर कुलूप. किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवावी असं त्याला वाटलं होतं; शेवटी खिशात ठेवली.

दुपारी भगवंत आला तो कुलूप बघूनच तडकला.

"हे काय नवीन?"

"राहू दे."

"दादा, आख्ख्या रस्त्यावर कोणाच्या डिकीला कुलूप नाय. लोक काय म्हणतील? विश्रामभाऊ काय म्हणेल?"

"विश्रामभाऊला मी सांगतो."

"काय सांगशील? चोऱ्या होतात म्हणून? बँडेजच्या?" भगवंतला हसू येत होतं आणि रागही येत होता. "अरे, लागत असेल एखाद्याला. लागू दे ना."

खरं कारण सांगायला आत्मारामाचं तोंड उघडेना. मोरीवर काय बघितलं हे सांगितलं असतं तर भगवंतनं ते रात्री जेवताना सगळ्यांना ऐकवलं असतं, आणि आत्मारामाला ती थट्टा सोसण्याचंही त्राण नव्हतं. दुसरंही एक होतं. त्याला वाटत होतं, ते जे कुणी आहे त्याला पट्टी मिळाली नाही तर ते आपल्या गाडीचा माग सोडेल, दुसरीकडं जाईल. इतका साधा विचार त्यानं केला होता. दारात येणारं कुत्रं दोन दिवस भाकरी टाकली नाही की येईनासं होतं, तसं.

"बरं, मग किल्ली दे," भगवंत म्हणाला. "वाटेत काय झालं तर?"

"तुला काय लागणार हाय? सरळ रस्ता, सरळ कामावर."

"दादा, किल्ली दे."

"दोन दिवस थांब. मग काढतो कुलूप. आता डोकं खाऊ नकोस माझं, मला झोपू दे."

भगवंतनं हात झटकले आणि तो आत गेला. दमयंती दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. आत्माराम आडवा झाला आणि कित्येक दिवसांनी त्याला अशी गाढ झोप लागली की रेवती पोटावर नाचली तरी जाग आली नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टपरीवर येऊन बसला. चहा झाला. पहिल्या पाळीची माणसं सायकलींवरून, कंपनीच्या बसमधून येत राहिली. भोंगा वाजला. भगवंत आला नाही.

वॉचमन गेट ओढून घेता घेता म्हणाला, "क्या हुआ, भाई आज नहीं आया? शादी की तैयारी में लग गया क्या?"

आत्माराम हसला. पंक्चर झालं असेल, त्यानं स्वतःशी म्हटलं. आणि म्हणताक्षणी त्याचा हात खिशाकडे गेला. सोल्युशन डिकीत. रबर डिकीत. किल्ली इथं. शिव्या घालणार आज, एवढंच त्याच्या मनात आलं.

विश्रामभाऊ आतून धावत आला. ऑफिसात पालघरहून फोन आला होता. तो आपल्या गाडीवर बसला, किक मारली आणि मागच्या सीटवर थाप मारली. दोघं पालघरला पोचले. तिथं दवाखान्यात भगवंतला आत नेलेलं होतं, बाहेर थांबा म्हणाले. एका बाकावर जिवल्या बसला होता, मिठागरात काम करणारा, गावातलाच ओळखीचा. त्याच्या लेंग्यावर रक्त वाळलं होतं.

"मोरीवर पडला," जिवल्या म्हणाला. "सळई मांडीत घुसली, दादा. मी कामावर येत व्हतो, उजाडत व्हतं. लांबून बघतो तर गाडी आडवी आनि पायाशी कोनतरी बसलेला. मना वाटला, पाळीवाला कोन असंल, पट्टी बांदतोय."

"कोण होता?" विश्रामभाऊनं विचारलं.

"कोन जाने. पाठमोरा व्हता. बांदता बांदता उटला नि गाडीच्या पेटीशी खुडबुड कराया लागला. पेटी उगडंना त्याला. मी धावत आलो तर कोन नाय तिथं." जिवल्यानं हातानंच तोंड पुसलं. "मंग मी दगुड घेतला. कुलूप ठोकला, लय ठोकला, पन निगंना. भगवंतदादा शुद्धीत व्हता. मना म्हनला, राहू दे जिवल्या, किल्ली दादाकडं हाय."

विश्रामभाऊनं आत्मारामाकडे बघितलं. "कुलूप?" एवढंच तो म्हणाला. आत्मारामानं खिशातून किल्ली काढून तळहातावर धरली. का धरली हे त्याला कळलं नाही. कुणीतरी ती घ्यावी, असं काहीतरी त्याला वाटलं असेल.

७

डॉक्टर तरुण होता. रात्रीची ड्यूटी करून तोही आत्मारामाइतकाच थकलेला दिसत होता. त्यानं दोघांना आत घेतलं नाही, दारातच बोलला.

"आधीपासून मांडीला काही जखम होती का त्यांच्या?"

"नाय," आत्माराम म्हणाला.

"मग हे बँडेज कुणी बांधलं? कधी?"

त्याच्या हातात स्टीलची तबकडी होती. तीत कापून काढलेली पट्टी होती, थरावर थर. वरचे थर रक्तानं भिजलेले. खालचे मात्र पिवळे पडलेले, टिंक्चरचे डाग वाळून कडक झालेले, कडांचे दोरे जुनाट. आत्मारामाला ते दोरे ओळखता आले. प्रत्येक टोक दातानं फाडलेलं होतं.

"जखम आज सकाळची आहे," डॉक्टर म्हणाला. "पण हे आज बांधलेलं नाही. आतला थर निदान महिन्याचा. रोज थोडं थोडं बांधत आणल्यासारखं." त्यानं कपाळ चोळलं. आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच पटत नव्हतं. "काही का असेना. ज्यानं बांधलं त्याला बांधता येत होतं. नेमकं जिथं दाबायला हवं तिथं दाबलंय. फक्त पट्टी कमी पडली. आणखी एक-दोन वेढे असते, तर इथं येईपर्यंत एवढं रक्त..."

तो तबकडी घेऊन आत गेला.

भगवंत दुपारी गेला. वाणगावला निरोप विश्रामभाऊनं नेला.

संध्याकाळी गावातल्या माणसांनी गाडी ढकलत आणून चिंचेखाली उभी केली. घरात आक्रोश चालला होता. आत्माराम बाहेर आला आणि त्यानं डिकीचं कुलूप उघडलं. दगडाच्या घावांनी ते चेपलं होतं, किल्ली जोर लावून फिरवावी लागली. आत सगळं जागच्या जागी होतं. प्लग, पाना, वायर, सुतळी. टिंक्चरची बाटली भरलेली. बँडेजचा रोल कागदात गुंडाळलेला, कोरा, कोरडा. तो रोल हातात घेऊन आत्माराम जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा ओरडून रडला. लोकांना वाटलं, भावाची गाडी बघून आवरलं नाही.

८

गाडी विकून टाक, सगळे म्हणाले. त्यानं विकली नाही. कारण विचारलं तर तो म्हणायचा, कामावर जायला लागते. रात्रपाळी त्यानं सोडली आणि भगवंतची पहिली पाळी घेतली. पहाटे तो त्याच रस्त्यानं, त्याच मोरीवरून जायचा. कठडा तोवर नव्यानं बांधला होता. तिथं कधीही कुणी बसलेलं दिसलं नाही.

डिकीची कडी त्यानं छिन्नीनं तोडून टाकली. झाकण नुसतं टेकवलेलं असायचं. विश्रामभाऊनं ते एकदा बघितलं आणि आपल्या डिकीतलं बँडेज काढून त्याच्या डिकीत ठेवलं. त्यानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही.

पुढे पाऊस आला आणि गेला. बँडेजचा रोल होता तसाच होता. आत्माराम घरी आल्यावर रोज बघायचा आणि रोज तो पूर्ण असायचा. त्याला हळूहळू झोप लागायला लागली होती. रविवारी तो रेवतीला टाकीवर पुढे बसवून अंगणात एक चक्कर मारायचा, मग ती दुसऱ्यासाठी हट्ट धरायची, आणि दमयंती दारातून ओरडायची. घरात हसणं परत येऊ लागलं होतं.

भात कापणीच्या सुमारास एका दुपारी त्यानं डिकी उघडली आणि रोल हातात घेतला. कागद फाटलेला होता. पट्टी कमी झाली होती, पण या वेळी निराळ्या तऱ्हेनं. रुंदीतून उभी फाडून अरुंद चिंधी काढून नेली होती. दमयंती रेवतीच्या बोटाला बांधायला जुन्या लुगड्याची काढते, तेवढी. कडेला दातांच्या खुणा होत्या. ओलसर होती.

तो घरात गेला. रेवती चटईवर झोपली होती, एक पाय भिंतीला लावून. रोलमधली जेवढी रुंदी गेली होती तेवढी बोटांच्या चिमटीत मोजून त्यानं हलकेच तिच्या मनगटावर ठेवली. मग पावलावर. मग गळ्याशी हात नेला आणि मागे घेतला. तिनं झोपेतच त्याचं बोट धरलं. दमयंतीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "उठली काय ती?" तो म्हणाला, नाय.

दुसऱ्या दिवशी आणखी एक चिंधी गेली होती.

त्या संध्याकाळी तो चालत सफाळ्याला गेला. दुकानात दिनानाथ एकटाच होता. आत्मारामानं बँडेज मागितलं. दिनानाथनं एक रोल काढून ठेवला. आणखी दे, आत्माराम म्हणाला. असतील तेवढे दे. दिनानाथनं फळीवरचे सगळे रोल खाली काढले, पिशवीत भरता भरता त्याच्याकडे काळजीनं बघितलं आणि विचारलं, "घरी कोणाला लागलंय का, आत्माराम?"

"अजून नाय," आत्माराम म्हणाला.